काळाची चाळणी कोणाच्या हातात? नैसर्गिक निवडीचे तत्त्व आणि मराठी समीक्षेतील एक उसने रूपक

१

मराठी समीक्षेत एक विधान असे आहे की जे कोणी सिद्ध करीत नाही आणि ज्याला सहसा कोणी आव्हानही देत नाही. ‘जे खरोखर श्रेष्ठ असते ते काळाच्या ओघात टिकते, बाकीचे गळून पडते’ हे ते विधान. वाङ्मयेतिहासाच्या प्रस्तावना, मानपत्रे, संमेलनांची अध्यक्षीय भाषणे आणि पदव्युत्तर परीक्षांच्या उत्तरपत्रिका या सर्वांत ते सारख्याच निर्धास्तपणे वावरत असते. नव्या लेखनाविषयी मत देण्याची वेळ आली की ‘काळच ठरवील’ असे म्हणून समीक्षक बाजूला होतो. जुन्या लेखनाविषयी मत देण्याची वेळ आली की ‘काळाने ते ठरवलेच आहे’ असे म्हणून तो पुन्हा बाजूला होतो. दोन्ही वेळा निर्णय होतो, आणि निर्णय करणारा मात्र दोन्ही वेळा गैरहजर असतो.

काळावर भिस्त ठेवण्याची कल्पना जुनी आहे, हे खरे. भवभूतीनेही अमर्याद काळाचा हवाला दिला होता. परंतु भवभूतीची आशा काळावर नव्हती. त्या काळात केव्हातरी, कोठेतरी जन्माला येणाऱ्या समानधर्मी वाचकावर होती. काळ त्याच्या दृष्टीने केवळ अवकाश होता, निर्णय करणारी शक्ती नव्हता. एकोणिसाव्या शतकाने या कल्पनेत मूलभूत फेरफार केला. वाचकाची जागा एका नियमाने घेतली आणि त्या नियमाला निसर्गविज्ञानाची प्रतिष्ठा लाभली. आज ‘काळाची कसोटी’ असे म्हणणाऱ्याच्या मनात भवभूती क्वचितच असतो. त्याच्या मनात, त्याच्या नकळत, डार्विन असतो. आणि तोही खरा डार्विन नव्हे, तर हर्बर्ट स्पेन्सरच्या हातून मराठीत पोहोचलेला डार्विन. हे रूपक तपासणे केवळ शब्दांच्या शुद्धीसाठी आवश्यक नाही. ज्यांचे लेखन ‘काळाच्या ओघात’ गळाले असे सांगितले जाते, ते कोण होते आणि कोणामुळे गळाले, हा प्रश्न या रूपकाखाली झाकला गेला आहे.

२

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ युक्तिवाद थोडक्यात मांडता येण्यासारखा आहे. एका जातीतील जीव परस्परांहून थोडेथोडे भिन्न असतात. यांतील काही भिन्नता पुढील पिढीत उतरते. जगू शकतील त्यांहून अधिक जीव जन्माला येतात. त्यामुळे विशिष्ट परिस्थितीत ज्या भिन्नतेचा उपयोग होतो, ती धारण करणाऱ्यांची संतती सरासरीने अधिक राहते. या युक्तिवादात कोठेही ‘श्रेष्ठ’ हा शब्द लागत नाही. परिस्थिती पालटली की कालचा गुण आज ओझे ठरतो. आतड्यात राहणारा कृमी आणि आकाशात उडणारा गरुड हे दोघेही आपापल्या परिस्थितीत टिकलेले जीव आहेत. त्यांच्यात उच्चनीच ठरविण्याचे माप या सिद्धान्तापाशी नाही.

मराठीत हा विचार आला तो तीन शब्दांच्या आधाराने, आणि तिन्ही शब्दांनी त्याचा अर्थ वळवला. पहिला शब्द ‘उत्क्रांती’. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यपरंपरेत उत्क्रांती म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. आधुनिक मराठीने हा शब्द नव्या अर्थाने घेतला तेव्हा ‘उत्’ या उपसर्गातील वर जाण्याची छटा त्याला चिकटून राहिली, आणि उत्क्रांती म्हणजे चढण हा समज भाषेतच रुजला. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत याला समांतर असलेले इंग्रजी नाम वापरलेच नव्हते. त्या धातूचे एक क्रियारूप तेवढे ग्रंथाचा अगदी अखेरचा शब्द म्हणून येते. त्याचा आवडता शब्दप्रयोग ‘बदलांसह वंशपरंपरा’ अशा अर्थाचा होता. वंशपरंपरेला फांद्या असतात, पायऱ्या नसतात.

दुसरा शब्द ‘निवड’. निवड म्हटली की निवडणारा आला, ही अडचण इंग्रजीतही होती. निसर्गाला बुद्धी आणि इच्छा बहाल केल्याचा आक्षेप डार्विनवर घेतला गेला, आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला हा शब्द रूपकात्मक आहे असा खुलासा करावा लागला. १८६६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याला पत्र लिहून स्पेन्सरचा पर्यायी शब्दप्रयोग सुचविला. स्पेन्सरने तो १८६४ साली जीवशास्त्रावरील आपल्या ग्रंथात योजला होता. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो स्वीकारला. एक गैरसमज टाळण्यासाठी केलेल्या या स्वीकारातून त्याहून मोठा गैरसमज जन्माला आला.

कारण तिसरा शब्द येथेच उगवतो. स्पेन्सरचा तो शब्दप्रयोग, ज्याचा अर्थ ‘सर्वाधिक अनुरूप असलेल्याचे टिकणे’ एवढाच आहे, तो लोकांच्या बोलण्यात ‘बळी तो कान पिळी’ होऊन बसला. अनुरूपतेची जागा बळाने घेतली. आपल्या परंपरेत मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याला ‘मात्स्यन्याय’ असे नाव आहे. पण त्या परंपरेत मात्स्यन्याय हा राजसत्ता नसल्यास ओढवणारा अनर्थ मानलेला आहे. त्याचे निवारण करण्यासाठीच दंडनीती आहे. ज्याचे निवारण करावयाचे तीच गोष्ट आधुनिक काळात ‘निसर्गाचा नियम’ म्हणून सन्मानाने समाजशास्त्रात शिरली, ही या शब्दांतराची खरी किंमत होय.

३

ही किंमत केवळ शब्दकोशाने मोजली नाही. आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर मनःपूर्वक वाचला होता. समाज हा सजीव देहासारखा वाढतो या त्याच्या कल्पनेतून सुधारणेचे समर्थन निघू शकत होते. तसेच ‘वाढ आपोआप होईल, बाहेरून हात लावू नये’ हा सुधारणेला विरोधही निघू शकत होता. ज्या उपपत्तीतून परस्परविरुद्ध दोन्ही निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, ती उपपत्ती त्या निष्कर्षांचा आधार नसते. ती केवळ त्यांचा पोशाख असते.

१८८३ साली फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजाशास्त्राला नाव दिले आणि पुढील अर्धशतकात जातिव्यवस्थेच्या समर्थकांना एक नवा पोशाख मिळाला. जात म्हणजे रक्तशुद्धीची प्राचीन योजना, असा युक्तिवाद मोठ्या विद्वत्तेने होऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. त्यांचे खंडन शास्त्र नाकारून झालेले नाही. शास्त्राची अट पाळा, असे ते सांगतात. रक्ताची शुद्धी हाच हेतू असेल तर सहभोजनावर बंदी कशासाठी, कारण जेवणाने रक्तात काही मिसळत नाही. आणि ज्या पोटजातींत वांशिक भेदच नाही त्यांच्यातील विवाहबंदीचा सुप्रजननाशी संबंध काय? हा प्रतिवाद जीवशास्त्राच्या वेशातील समाजव्यवस्थेला जीवशास्त्राच्याच दारात उभा करतो.

याच सुमारास बर्लिनमध्ये आणखी एक घटना घडली होती. इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होत्या. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता. ही असमानता वंशानुसार बदलते आणि युरोपीय बुद्धीचे वेगळेपण तीत दिसते, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा असमानतेशी संबंध आढळत नाही असा निष्कर्ष नोंदविला. पुढे फिशर नाझी राजवटीच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. एका मराठी संशोधक स्त्रीने त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्या गृहीतकाला नकार दिला होता, ही गोष्ट मराठी विद्याव्यवहाराने जितकी सांगावयास हवी होती तितकी सांगितलेली नाही.

डार्विन स्वतः या साऱ्यापासून संपूर्ण अलिप्त होता असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात सुसंस्कृत समाज दुर्बळांना जगवतो याची चिंता आहे, आणि तथाकथित रानटी वंश नष्ट होतील असे भाकीतही आहे. पण दुर्बळांना साहाय्य करण्याची प्रेरणा दडपली तर मानवी स्वभावातील सर्वांत उदात्त अंशच खालावेल, हेही त्याच ग्रंथात त्याच जागी सांगितलेले आहे. सिद्धान्त एक आणि सिद्धान्तकर्त्याच्या काळाचे पूर्वग्रह दुसरे, हा विवेक जो वाचक डार्विनच्या बाबतीत करू शकत नाही, तो कोणत्याही जुन्या ग्रंथाच्या बाबतीत करू शकणार नाही.

४

साहित्यविचाराने हे रूपक घेतले ते अशा वातावरणात. फर्दिनां ब्र्युनेतिएरने १८९० साली साहित्यप्रकारांच्या उत्क्रांतीवर ग्रंथ लिहिला आणि प्रकार जन्मतात, वाढतात, क्षीण होतात व दुसऱ्यात रूपांतरित होतात असा आराखडा मांडला. जन्म, तारुण्य, वार्धक्य हा एका देहाचा जीवनक्रम आहे. जातींच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही. हीच गल्लत मराठीत ‘संतकाव्याचा बहर’ आणि ‘पंडिती काव्याचा ऱ्हास’ अशा शब्दांतून अद्याप चालू आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे रूपक अधिक सावधपणे परतले. जोसेफ कॅरल यांनी १९९५ मध्ये आणि ब्रायन बॉइड यांनी २००९ मध्ये कथाकथनाची प्रवृत्ती जैविक अनुकूलनातून समजून घेण्याचा प्रयत्न केला. माणूस गोष्टी का सांगतो, या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्र देऊ शकेलही. पण ते उत्तर सगळ्याच गोष्टींना सारखे लागू पडेल. ‘बळी’ आणि एखादी रद्दीत गेलेली कादंबरी यांतील फरक त्यातून कळणार नाही, आणि समीक्षेचा प्रश्न तर तेथूनच सुरू होतो. शिवाय प्रत्येक गुणाला उपयोगाची कथा जोडण्याच्या मोहाविरुद्ध स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७९ सालीच इशारा दिलेला होता. कमानींच्या बांधणीमुळे त्यांच्या मधे त्रिकोणी जागा उरते. तीवर सुंदर चित्रे काढलेली असली तरी ती जागा चित्रांसाठी निर्माण झालेली नसते.

फ्रँको मोरेत्ती यांचा प्रयत्न वेगळा आणि अधिक विचारार्ह आहे. २००० साली त्यांनी साहित्याच्या कत्तलखान्याविषयी लिहिले. प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांतील फार थोड्या उरतात, आणि त्या वाचकांच्या, म्हणजे बाजाराच्या पसंतीने उरतात, प्राध्यापकांच्या नव्हे, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडमधील गुप्तहेरकथांपुरते हे पटण्यासारखे आहे, कारण तेथे वाचकवर्ग मोठा होता आणि निवडीला वाव होता. परंतु जेथे वाचण्याचा अधिकारच जातीने आणि लिंगाने वाटला गेला होता, तेथे वाचकांची पसंती ही ‘नैसर्गिक’ कशी म्हणावी?

रूपक मुळातच कोठे मोडते तेही पाहिले पाहिजे. जीवसृष्टीत भिन्नता गरज पाहून निर्माण होत नाही. लेखक मात्र हेतूने लिहितो. जीव आपल्या जन्मदात्यांकडून वारसा घेतो, तर साहित्यकृती कोठूनही घेते. ए. एल. क्रोबर या मानवशास्त्रज्ञाने १९४८ साली दाखविल्याप्रमाणे जीवसृष्टीच्या वृक्षाच्या फांद्या फुटून दूर जातात, संस्कृतीच्या वृक्षाच्या फांद्या पुन्हापुन्हा परस्परांत मिसळतात. मर्ढेकरांच्या कवितेत ओवी-अभंगाचे वळण आणि इंग्रजी नवकवितेचे संस्कार एकत्र नांदतात. असा संकर कोणत्याही वंशवृक्षावर काढता येणार नाही.

५

मग साहित्यात निवड होत नाही काय? होते, पण ती दुसऱ्या प्रकारची. डार्विनने आपल्या ग्रंथाचा आरंभ निसर्गापासून केलेला नाही. पहिले प्रकरण आहे ते पाळीव प्राण्यांचे, आणि त्यात पारव्यांची पैदास करणाऱ्यांच्या हातचे कसब आहे. कोणता पारवा ठेवायचा आणि कोणता नाही, हे तेथे माणूस ठरवतो. या कृत्रिम निवडीच्या दाखल्यावरून डार्विन नैसर्गिक निवडीकडे गेला. मराठी समीक्षेने त्याच्या उलट प्रवास केला. जेथे उघडउघड माणसाचे हात आहेत तेथे तिने निसर्ग पाहिला.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी लेखिकेची बाजू घेतली, आणि पुढे सुमारे नव्वद वर्षे ते पुस्तक वाङ्मयेतिहासातून जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज स्त्रीवादी विचाराचा अभ्यास त्याच्याशिवाय होत नाही. आता, काळाने या पुस्तकाला नाकारले की स्वीकारले? १९७४ साली विचारले असते तर ‘टिकले नाही’ हे उत्तर ठरलेले होते. त्या नव्वद वर्षांत पुस्तकातील एक अक्षरही बदलले नाही. बदलले ते पाहणारे डोळे. फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ सालचे. ते छापले गेले १९७९ साली. जे नाटक सव्वाशे वर्षे वाचकांपर्यंत पोहोचलेच नाही, ते काळाच्या परीक्षेत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हा प्रश्नच निरर्थक आहे. परीक्षेला बसू दिले गेले नव्हते, एवढेच त्याचे उत्तर. १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले तेव्हा निवड करणाऱ्या संस्थेच्या घडणीवरच त्यांनी बोट ठेवले होते.

टिकलेल्या ग्रंथांची कथाही हेच सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरचे ‘लीळाचरित्र’ राहिले ते महानुभावांच्या मठांत, सांकेतिक लिप्यांत, पिढ्यान्‌पिढ्या नकला होत गेल्यामुळे; विसाव्या शतकात त्या लिप्यांची उकल झाली नसती तर मराठी गद्याचा आरंभ वेगळ्याच ठिकाणी दाखविला गेला असता. तुकारामाचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी आणि वह्यांत राहिले. त्यांच्या गाथेला १८६९ व १८७३ साली दोन भागांत जी प्रमाण मुद्रित आवृत्ती लाभली तिच्यामागे मुंबई सरकारचे साहाय्य होते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या १९५२ साली ग्रंथरूपाने आल्या, त्या मुलाने त्या कागदावर उतरवल्या आणि आचार्य अत्र्यांसारख्याने त्यांचे मोल ओळखले म्हणून. खानदेशात किंवा कोकणात जात्यावर बसलेल्या आणि घरात कागद-लेखणी नसलेल्या इतर स्त्रियांनी काय रचले, हे काळ सांगू शकत नाही. जीवशास्त्रातही जे उरते ते सर्व निवडीनेच उरते असे नाही. केवळ योगायोगाने होणाऱ्या बदलांचे महत्त्व मोतो किमुरा यांनी १९६८ पासून ठासून मांडले आहे. जीवशास्त्रज्ञ योगायोगाला जागा देतात आणि साहित्याचे अभ्यासक देत नाहीत, हा विपर्यास होय.

दलित साहित्याच्या बाबतीत हे रूपक सर्वांत अधिक राबवले गेले. बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यांच्या स्वागतातही ‘आजचा आवेग ओसरल्यावर किती उरेल ते काळ सांगेल’ हा सूर ऐकू येत असे. हे लेखन उरले. पण ते काळाच्या कृपेने उरलेले नाही. ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक, लघुनियतकालिकांची चळवळ, मेळावे आणि नवा शिकलेला वाचक यांनी त्याला जगण्याजोगी परिस्थिती निर्माण केली. लेवॉन्टिन यांनी आग्रहाने सांगितले आहे की जीव परिस्थितीशी केवळ जुळवून घेत नाही, तो आपली परिस्थिती घडवीतही असतो. डार्विनकडून आणि त्याच्या वारसदारांकडून मराठी समीक्षेला काही शिकावयाचे असेल तर ते हे आहे.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निवड जर सत्तेच्या हातांनी होत असेल तर मूल्य नावाची गोष्टच उरत नाही. हा आक्षेप काळाच्या रूपकाचीच दुसरी बाजू आहे. पहिल्या बाजूने समीक्षक निर्णय काळावर टाकतो, दुसऱ्या बाजूने तो सत्तेवर टाकतो. स्वतःच्या निर्णयाचे उत्तरदायित्व दोन्हीकडे टळते. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापले, तेव्हा त्यांनी एक मूल्यनिर्णय केला होता. तो चुकीचा ठरू शकला असता, म्हणूनच त्याला निर्णय म्हणावयाचे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचा इतका दुरुपयोग झाला असेल तर मानव्यविद्यांनी ते पाश्चात्त्य विज्ञानाच्या हवाली करून मोकळे व्हावे, असे काहींना वाटते. देशीवादी चर्चेत ही वृत्ती विशेष आढळते, आणि गंमत अशी की त्याच चर्चेत माती, मूळ, रुजणे, कलम ही शब्दकळा मुक्तपणे वापरली जाते. ‘आपल्या मातीतले तेवढे जगते’ हे विधान वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. कोणत्याही देशातील मूळ रहिवासी जीव तेथील परिस्थितीशी पूर्णपणे जुळलेले नसतात आणि बाहेरून आलेले त्यांच्यावर मात करू शकतात, हे डार्विनने स्पष्ट नोंदविले आहे. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेल्या मिरचीवाचून आज मराठी ठेचा संभवत नाही. कादंबरीचेही तसेच आहे. रूपके निसर्गाची घ्यायची आणि निसर्गाविषयीचे ज्ञान मात्र परके मानायचे, हे चालणार नाही.

ज्ञान नाकारण्याचे परिणाम दूरचे नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे जाहीर केले. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्रक काढून निषेध केला. दहावीनंतर कला शाखेकडे वळणारा विद्यार्थी जीवशास्त्राला पुन्हा भेटत नाही. उद्या मराठी साहित्याचा अभ्यासक होणाऱ्या अशा विद्यार्थ्यापाशी डार्विनचा युक्तिवाद नसेल, पण ‘बळी तो कान पिळी’ मात्र असेल. कारण त्यासाठी पाठ्यपुस्तक लागत नाही. सिद्धान्त वगळता येतो, त्याचे विकृत रूप वगळता येत नाही. म्हणूनच त्या पत्रकात साहित्याच्या अध्यापकांचे हितही गुंतलेले होते.

नैसर्गिक निवडीचे तत्त्व मानव्यविद्यांना मूल्ये पुरवीत नाही. जे टिकले ते का टिकले याचा शोध प्रत्येक वेळी त्या त्या परिस्थितीत जाऊन घ्यावा लागतो, ही शिस्त ते शिकवते. ही शिस्त स्वीकारली तर वाङ्मयेतिहासकाराला ‘काळाच्या ओघात विस्मृत झाले’ असे कर्त्याविना वाक्य लिहिता येणार नाही. कोणत्या अभ्यासमंडळाने नेमले नाही, कोणत्या प्रकाशकाने पुन्हा छापले नाही, कोणत्या समीक्षकाने उल्लेख टाळला, हे त्याला सांगावे लागेल. आणि आज जे तो स्वतः निवडतो त्याची कारणेही द्यावी लागतील. चाळणी पूर्वीही माणसांच्याच हातात होती. ती धरणाऱ्यांनी आपले नाव सांगावे, एवढीच मागणी आहे.